1818 सालचा राम

बेंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याला लागले की सुमारे पन्नास किलोमीटरवर रामनगर लागते. तिथल्या रामदेवर बेट्टाच्या कातळांत ‘शोले’चे रामगढ उभे राहिले होते. 15 ऑगस्ट 1975 रोजी पडद्यावर आलेल्या या चित्रपटात जय पेच पडला की नाणे उडवतो आणि दर वेळी त्याच्याच मनासारखे होते. तो गेल्यावर ते नाणे वीरूच्या हाती लागते आणि दोन्ही बाजू सारख्याच असल्याचे त्याला कळते. प्रेक्षक तिथे डोळे पुसतो. नाण्यांचा नाद असलेला माणूसही पुसतो, पण लगेच पुढचा प्रश्न विचारतो: हे नाणे केले कसे असेल?

उत्तर अगदी रुक्ष आहे. लेथवर. एका नाण्याची कड शाबूत ठेवून त्याची एक बाजू आतून कोरून काढायची. दुसऱ्या नाण्याची कड तासून ते पातळ करायचे आणि पहिल्याच्या पोकळीत घट्ट बसवायचे. सांधा कडेवर येत नाही, तो कडेच्या आतल्या अंगाला, उंचवटा संपून सपाट भाग सुरू होतो तिथे लपतो. म्हणून नवशिका कड चाचपतो आणि फसतो. जाणकार भिंग आतल्या गोलाईवरून फिरवतो. मग नाणे फरशीवर टाकून ऐकतो. अखंड नाणे खणखणते, जोडलेले बद्द वाजते. शेवटी वजन. जादूचे सामान विकणाऱ्या दुकानांत अशी नाणी जगभर मिळतात. आपल्याकडे चलनातले नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे 2011 च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, ही गोष्ट वेगळी. संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत जवळजवळ शून्य, कारण एक खेळणे करण्यासाठी दोन चांगली नाणी वाया गेलेली असतात.

पण यातला कुठला भाग खोटा आहे? वरची चकती टांकसाळीतून आली आहे, खालचीही. धातू सरकारी, ठसा सरकारी. खोटा आहे तो दोघांमधला केसाएवढा सांधा, आणि नेमका तोच डोळ्यांना दिसत नाही.

भारतीय दर्शनांनी या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला आहे आणि त्यांचे आवडते उदाहरणही पैशाच्या जवळचेच आहे. वाळूत पडलेला शिंपला चमकतो आणि पाहणाऱ्याला वाटते, चांदी! याला शुक्तिरजत म्हणतात. जी चांदी तिथे नव्हती ती दिसली कशी, यावर प्रत्येक संप्रदायाचे स्वतंत्र मत आहे आणि या सगळ्या वादाला ख्यातिवाद असे नाव आहे. नैयायिक म्हणतात, चांदी खरीच असते, पण दुसरीकडे, सराफाच्या पेढीवर. तिथली चांदी आठवणीतून येऊन इथल्या शिंपल्याला चिकटते. शंकराचार्यांचे अनुयायी म्हणतात, ती चांदी सत् म्हणता येत नाही आणि असत्‌ही म्हणता येत नाही. उडुपीजवळ जन्मलेल्या मध्वाचार्यांचे मत रोखठोक आहे: शिंपला खरा, आणि दिसलेली चांदी मुळात कुठेच नव्हती.

आता या तिघांसमोर एक खरोखरचे नाणे ठेवून पाहू.

बेंगळुरूच्या बी.व्ही.के. अय्यंगार रस्त्यावर रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. अशा बाजारांत आणि देशभरच्या देवळांबाहेरच्या टपऱ्यांवर एक तांब्याचे किंवा पितळेचे नाणे हमखास भेटते. एका बाजूला रामदरबार: सिंहासनावर राम-सीता, शेजारी लक्ष्मण, पायाशी मारुती. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘अर्धा आणा’ किंवा ‘एक आणा’, आणि साल 1818. कधी रामाच्या जागी लक्ष्मी असते, कधी नुसता मारुती. काहींवर साल 1717 असते, काहींवर 1616. काहींवर ‘यूकेएल’ अशी तीन अक्षरेही असतात. तसले परिमाण कंपनीच्या कुठल्याच चलनात नव्हते.

मराठी माणसाला 1818 हा आकडा शिकवावा लागत नाही. त्या वर्षी पेशवाई बुडाली. त्याच वर्षी कंपनीने रामाचे नाणे पाडले असेल, यावर विश्वास बसायला खरे तर जड जायला हवे. इतिहासही तसे सांगत नाही. तेव्हा कंपनीच्या बंगाल, मुंबई आणि मद्रास इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. सगळीकडे चालणारी एकसारखी नाणी 1835 पासून आली. एक आण्याचे स्वतंत्र नाणे देशभर रुजले ते तर सातव्या एडवर्डच्या राज्यात, 1906-07 च्या सुमारास. म्हणजे हे नाणे कुठल्या खऱ्या नाण्याची नक्कल नव्हे. ज्याची नक्कल करावी असे मूळ कधी नव्हतेच. नाण्यांच्या व्यापारात नक्कल वेगळी आणि असे कल्पित नाणे वेगळे, आणि हा भेद मध्वाचार्यांना आवडला असता: दुसऱ्या कुठल्याही पेढीवर ही चांदी नाही.

नैयायिक मात्र इतक्या लवकर हार मानणार नाही. आकाशपुष्प आणि सशाचे शिंग यांची त्याच्याकडे तयार उत्तरे आहेत. ससा खरा, शिंगही खरे, गाईच्या डोक्यावरचे. खोटा आहे तो दोघांचा संबंध. इथेही तेच. कंपनी खरी आणि तिची नाणी खरी. नाण्यावरचा रामही खरा, आणि त्याचा ठावठिकाणा याच मुलखात आहे. विजयनगरच्या पडत्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तिरुमल रायाने सोन्याच्या नाण्यांवर बसलेले राम-सीता आणि उभा लक्ष्मण आणला. दक्षिणेतल्या देवळांशी जोडलेल्या सोन्याच्या, वाटीसारख्या खोलगट रामटंकांनी तीच परंपरा पुढे चालवली. अकबराने आयुष्याच्या शेवटच्या काळात राम-सीतेचे चित्र आणि नागरी अक्षरांत ‘राम सीय’ असलेली नाणी पाडली; त्यांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. हैदर अलीने बेदनूर जिंकल्यावर तिथल्या होनावरचे शिव-पार्वती तसेच ठेवले आणि मागे स्वतःच्या नावाचे फारसी आद्याक्षर घातले. खुद्द कंपनीनेसुद्धा मद्रासेत एका बाजूला गोपुर आणि दुसऱ्या बाजूला विष्णू असलेले चांदीचे अर्धे पगोडे पाडले, त्यांवर तमिळ आणि तेलुगू अक्षरेही आहेत. तेव्हा ‘कंपनीच्या नाण्यावर देव’ हे वाक्यही सरसकट खोटे नाही. राम, कंपनी आणि 1818 यांना एकत्र बसवणारा सांधा खोटा आहे. रामनगरच्या नाण्यात तो धातूचा होता, इथे तो इतिहासाचा आहे.

इथवर नाणेशास्त्राचे काम संपते आणि खरी अडचण सुरू होते. कारण ही नाणी पेटीत पडून नसतात, ती देवघरात असतात. आजीने कधीतरी रामेश्वरहून किंवा तिरुपतीहून आणलेली, हळदीकुंकवाने माखलेली, लक्ष्मीपूजनाला ताम्हनात पहिली मांडली जाणारी. अशा घरात नातवाने मोबाइल पुढे करून ‘आजी, हे खोटे आहे’ म्हटले तर आजीने काय करावे?

मराठी देवघरात याचे उत्तर आधीपासून मांडून ठेवलेले आहे. ते म्हणजे टाक. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेला खंडोबा किंवा भवानी सोनाराकडून येतो, त्याची घरी यथाविधी स्थापना होते आणि मग तो कुलदैवत असतो. टाक कुठल्या साली घडला, कुणी घडवला, चांदी किती टक्के, हे कुणी विचारत नाही. घासून झिजला की नवा करतात. पूजेला त्या वस्तूच्या पूर्वेतिहासाची गरज नसते. या हिशेबाने आजीचे रामाचे नाणे हा निर्दोष टाक आहे. कुणी कडवा सत्यवादी म्हणेल की जिच्यावर खोटे कोरले आहे अशी वस्तू देव्हाऱ्यात नको. पण आजी 1818 बद्दल काही म्हणतच नाही. ती राम म्हणते. शिवाय ती बाजू कायम खाली असते.

मीमांसक आणि नैयायिक यांच्यातला एक जुना तंटा इथे कामाला येतो. मीमांसकांच्या मते ज्ञान झाले की ते आपोआपच प्रमाण. त्याला बाध आणणारे काही समोर येईपर्यंत वेगळा पुरावा मागायचे कारण नाही. हे स्वतःप्रामाण्य. नैयायिक म्हणतात, नाही, ज्ञानाचा खरेपणा बाहेरून तपासावा लागतो: पाणी दिसले, पुढे गेलो, ओंजळ भरली, तहान भागली, तेव्हा कुठे ते पाणी. हे परतःप्रामाण्य. देवघर पहिल्या नियमाने चालते आणि सराफकट्टा दुसऱ्या. दोन्ही आपापल्या जागी शहाणे आहेत. फसवणूक करणारा माणूस काय करतो? देवघरातला नियम उचलून बाजारात नेतो, आणि नेताना वस्तूही तीच वापरतो.

‘राइस पुलर’ हे त्याचे सर्वांत निर्लज्ज रूप. तांब्याचे जुने नाणे किंवा भांडे वीज पडून दैवी झाले आहे, त्यात इरिडियम आहे, ते तांदळाचे दाणे ओढून घेते, आणि परदेशातली अंतराळ संस्था त्यासाठी कोट्यवधी मोजायला बसली आहे, अशी ही कथा. बेंगळुरूच्या पोलिसांनी अशा टोळ्या पुन्हा पुन्हा पकडल्या आहेत. दिल्लीत 2018 मध्ये पकडलेल्या बापलेकांनी तर किरणोत्सारापासून बचावाचा म्हणून चंदेरी पोशाखही आणला होता. प्रयोग सोपा असतो: दाण्यांना लोखंडाचा कीस लावायचा आणि नाण्यात किंवा त्याखाली चुंबक लपवायचा. तांबे चुंबकाला दाद देत नाही, हे शाळेत सातवीपर्यंत पोचलेल्याला ठाऊक असते. उलट आपल्या खिशातली स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, आणि 1947 चा रुपयाही चिकटतो, कारण तो शुद्ध निकेलचा आहे. म्हणून जुने तांब्याचे म्हणून दाखवलेले नाणे चुंबकाकडे धावले तर तेवढा एक पुरावा ते परत करायला पुरेसा आहे. या टोळ्यांना बळी पडणारे बहुतेक लोक अडाणी नसतात. त्यांना चुंबक माहीत असतो. पण समोरची वस्तू देवघरातली आहे म्हटल्यावर तपासणे त्यांना पाप वाटते. चोराचे खरे भांडवल ते आहे.

तपासण्याला पाप मानणारा धर्म मात्र शोधून सापडणे कठीण. पाचव्या शतकात श्रीलंकेत बसून बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. त्यात जाणिवेच्या पायऱ्या समजावण्यासाठी त्याने नाण्यांचा ढीगच मांडला आहे. लहान मुलाला त्यात रंग, आकार आणि नक्षी दिसते. खेडुताला नक्षी दिसतेच, शिवाय याने वस्तू मिळतात हेही कळते. सराफाला या दोन्ही गोष्टी कळतात आणि त्यापुढे खरे कुठले, खोटे कुठले, निम्म्या कसाचे कुठले हेही कळते. तो पाहतो, आवाज ऐकतो, वास घेतो, चव घेतो, हातावर तोलतो, आणि अमुक गावी, अमुक नदीच्या काठी, अमुक कारागिराने हे पाडले इथपर्यंत सांगतो. मुलाची ती संज्ञा, खेडुताचे ते विज्ञान, सराफाची ती प्रज्ञा. निर्वाणाच्या वाटेवरच्या ग्रंथात प्रज्ञेचा नमुना म्हणून नाणेपारखी उभा आहे, याकडे आपल्या कीर्तनकारांचे लक्ष कसे गेले नाही कोण जाणे.

पुरंदरदासांकडे मात्र सगळ्यांचे गेले. कानडी हरिदासांतला हा सर्वांत मोठा माणूस आधी श्रीनिवास नायक नावाचा सावकार होता. एक परंपरा त्याला आपल्या पुरंदर गडाचा म्हणते, दुसरी मलनाडचा. कथेची रूपे अनेक आहेत, पण गाभा एक: देव गरीब ब्राह्मणाच्या वेषात मुलाच्या मुंजीसाठी मदत मागायला येतो, सावकार दिवस दिवस टोलवतो, आणि शेवटी झिजलेल्या, न चालणाऱ्या नाण्यांचा ढीग पुढे करून म्हणतो, यातले एक घे. ब्राह्मण तसाच निघतो आणि सावकाराच्या बायकोकडून नथ मिळवतो. ही कथा सांगताना सगळे नथीवर थांबतात. पण त्या ढिगाकडे पाहिले तर दिसते की सावकाराची पारख अचूक होती. कुठले नाणे चालत नाही हे त्याला नीट ठाऊक होते, म्हणूनच ते दानाला काढले. पारखीचे ज्ञान तेवढ्याने माणसाला चांगले करत नाही. आणि भक्त झाल्यावर त्याची पारख गेली, असे मात्र कुठलीच कथा सांगत नाही.

ती पारख साध्या नाण्यांवर चालवली की हाती बहुधा निराशा येते. मराठी घरांतले सर्वांत साधे जुने नाणे म्हणजे शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे बेंगळुरू आणि बाळ शिवाजीने इथे काढलेला काळ आठवून इथल्या मराठी घरांत शिवराईकडे जरा जास्तच अभिमानाने पाहिले जाते. पण शिवराई महाराजांच्या पश्चात दीडशे वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या टांकसाळींत पडत राहिली. घरोघरी सापडणारी, दोन ओळींमध्ये दोन रेघा असलेली दुदांडी शिवराई उत्तर पेशवाईतली आणि नंतरची असते. काहींवर तर इंग्रजी अमलातली फसली साले आहेत. ती फार महाग नाही. महाराजांचा सोन्याचा होन दुर्मीळ, म्हणून त्याच्या नकलाही मुबलक.

कंपनीच्या 1835 च्या पाव आण्याचे तसेच. वजन 100 ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास, आणि इतका पडला की आजही मुबलक मिळतो. जुनेपण आणि किंमत यांचा संबंध लोक समजतात तितका नाही, हे मद्रासच्या 20 काशूवरून कळते. 1808 साली बर्मिंगहॅमजवळ बोल्टनच्या सोहो टांकसाळीत तो पाडला, ‘अॅडमिरल गार्डनर’ जहाजात भरला, आणि जानेवारी 1809 मध्ये ते जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविनच्या वाळूत बुडाले. 1980 च्या दशकात पाणबुड्यांनी तो साठा वर काढला. दोनशे वर्षांचे, जहाज फुटलेले, समुद्रातून आलेले नाणे, आणि तरी स्वस्त, कारण ढिगाने मिळाले. म्हैसूरच्या कृष्णराज वडेयर तिसरे यांची सिंहाची तांब्याची नाणीही अशीच ओळखीची आहेत. त्यांची टांकसाळ 1833 साली बेंगळुरूला आली आणि दहा वर्षांनी बंद झाली. शहराच्या स्वतःच्या टांकसाळीचे नाणे म्हणून त्यांचे कौतुक हवे तेवढे करावे, लिलावातली बोली त्याने हलत नाही.

हलवतो कधीकधी धर्मच. 1911 च्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावर हत्ती होता. सोंड आखूड निघाली आणि लोकांना तो डुक्कर वाटला. मुस्लिम प्रजेत नाराजी झाली, नक्षी बदलली, बहुतेक रुपये परत वितळले, आणि उरलेले आज महाग आहेत. 2006 च्या सुमारास दोन रुपयांच्या नाण्यावरच्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघांत काहींना ख्रिस्ती क्रूस दिसला. सरकारच्या लेखी ते विविधतेतली एकता दाखवणारे चिन्ह होते. पण ते नाणे अफाट संख्येने पडले होते, म्हणून वाद होऊनही स्वस्तच राहिले. वैष्णोदेवी श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाच्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात ही अफवा अजून फिरते. चलनासाठी पाडलेले नाणे लाखाचे कसे होईल, हा हिशेब कुणी मांडत नाही.

बेंगळुरूतल्या एका शिक्षिकेला 2021 मध्ये हा हिशेब फार महाग पडला. तिने 1947 चा एक रुपया ऑनलाइन विकायला काढला, समोरून एक कोटीची बोली आली, आणि कर व शुल्काच्या नावाखाली तिच्याकडून सुमारे लाख रुपये उकळले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात बँक नाही आणि अशा व्यवहारासाठी ती कुठलेही शुल्क घेत नाही. या प्रकरणात शुक्तिरजत नाही. रुपया खराच होता, वाघाच्या चित्राचा, निकेलचा. चांगल्या स्थितीत काही शे रुपयांचा. चूक वस्तूबद्दल नव्हती, किमतीबद्दल होती, आणि किंमत डोळ्यांना दिसत नाही. ती दुसऱ्याच्या शब्दावरच घ्यावी लागते.

कुणाचा शब्द? न्यायसूत्रांनी सांगितले आहे, आप्ताचा. आप्त म्हणजे ज्याला ते माहीत आहे आणि जो जसे आहे तसेच सांगू इच्छितो. हे लक्षण वात्स्यायनाने त्यावरच्या भाष्यात दिले आणि ते ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांना सारखेच लागू असल्याचे म्हटले आहे. मोठी उदार गोष्ट आहे. नाण्याच्या बाजारात मात्र पहिली अट पाळणारे पुष्कळ भेटतात, दुसरीची पंचाईत होते. व्यापाऱ्याला स्वस्तात घ्यायचे असते, विकणाऱ्याला महाग द्यायचे असते, आणि ज्याला दोन्हींत रस नाही त्याला भाव माहीत नसतो. म्हणून जाहीर लिलावांचे झालेले भाव पाहावेत, मागितलेले पाहू नयेत. कुणीतरी खरोखर पैसे मोजले, हेच नैयायिकाचे ओंजळभर पाणी.

यात एक भांडण राहून जाते आणि ते मिटण्यासारखे नाही. तांब्याच्या नाण्यावर वर्षानुवर्षांत जी तपकिरी झाक चढते ती संग्राहकाला हवी असते. नाणे घासले की अक्षरे झिजतात आणि किंमत पडते. देवघराचा दंडक उलटा आहे. देवांची भांडी आणि नाणी दिवाळीआधी चिंच-मिठाने किंवा पितांबरीने लख्ख करायची, नाहीतर ती हयगय. एकाच शिवराईने दोन्ही सांभाळता येत नाहीत. जिला विकायची असेल तिने घासू नये, जिला पूजायची असेल तिने खुशाल घासावी, पण हे धनत्रयोदशीच्या आत ठरवावे लागते, आणि बहुतेक घरांत ही चर्चा निघेपर्यंत कुणीतरी ती चिंचेच्या कोळात टाकलेली असते.